बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये नवीन ग्राहक पहिल्याच आठवड्यात अडकतात. सगळंच नव्याने डिझाइन करावं का?

सगळं नको. लॉगिनपासून पहिलं खरं बिल छापून निघेपर्यंतचा रस्ता तेवढा उखडा. स्क्रीनवर बाण दाखवत फिरवणारी टूर लावायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यावर आत्ता पैसे घालू नका. आम्ही घातले होते.

मी घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलिंग-स्टॉकच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आधी सपोर्टला होतो, आता डिझाइनला. टूर लावूनही फोन कमी होईनात, म्हणून सांगलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर जाऊन बसलो. काउंटरला गिऱ्हाईक उभं, दिवाणजींसमोर आमची टूर. ते न वाचताच 'पुढे, पुढे' दाबत सुटले. मग कंपनी सेटअप आला आणि तिसऱ्या पानावर प्रश्न: स्टॉक मूल्यांकनाची पद्धत कोणती, फिफो (आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं) की भारित सरासरी (सगळ्या खरेदीचा सरासरी दर)? दिवाणजींनी सीएला फोन लावला. नेमकी २० तारीख, जीएसटीचं दरमहाचं थ्री-बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. सीए कशाला उचलतोय! दिवाणजींनी कीबोर्ड बाजूला सारला, गल्ल्याखालचं बिलबुक काढलं, कार्बन घातला आणि दोन मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं केलं.

प्रश्न बरोबरच होता हो, पण तो लागतो मार्चअखेरीस, शिल्लक मालाची किंमत काढताना. आम्ही तो पहिल्या सकाळी विचारत होतो.

मग फॉर्ममधला एकेक रकाना घेऊन बघत गेलो: हा रिकामा राहिला तर पहिलं बिल अडतं का? बहुतेकांनी काहीच अडत नव्हतं. काही तर विचारायचीच गरज नव्हती. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तरी आम्ही राज्य वेगळं निवडायला लावायचो आणि पॅन वेगळा टाइप करायला! आता २७ दिसलं की महाराष्ट्र. माल कोल्हापूरच्या पार्टीकडे चालला तर राज्यातल्या राज्यातला सीजीएसटी-एसजीएसटी, ३० वाल्या गोव्याच्या पार्टीकडे चालला तर परराज्यातला आयजीएसटी, आपोआप लागतो.

खरी भिंत ओपनिंग बॅलन्सची, म्हणजे सुरुवातीचा साठा आणि जुनी उधारी भरण्याची. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या मोजायच्या तर दुकान आठवडाभर बंद ठेवावं लागेल, आणि आमचं सॉफ्टवेअर साठा शून्य दिसला की बिलच करू द्यायचं नाही. आम्ही उणे साठा चालू दिला. त्या ओळीला लाल खूण, स्टॉकच्या रिपोर्टवर 'मोजणी बाकी' असा ठळक शिक्का. उधारीचंही तसंच: पार्टी काउंटरवर आली की वहीतली जुनी बाकी बघून तिथल्या तिथे टाकायची. यावरून ऑफिसात चांगलं भांडण झालं. अकाउंट्सवाल्यांच्या मते हा धडधडीत ढिलेपणा. त्यांचं अगदीच चूक नाही, मोजणी कधीच पुरी न करणारी माणसं निघतातच. म्हणून ताळेबंद मात्र मोजणी झाल्याशिवाय निघत नाही, ते बंधन ठेवलंय.

नव्यांसाठी बदल करताना जुन्यांच्या बोटांना हात लावू नका. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला माणूस विक्रीला एफ८, खरेदीला एफ९ न बघता दाबतो. २०२० मध्ये त्याची नवी आवृत्ती टॅलीप्राइम आली, मेनू बदलले, हव्या त्या पानावर थेट नेणारं 'गो टू' आलं, पण एफ८-एफ९ जागच्या जागी राहिले. आम्ही मात्र एका आवृत्तीत पुढच्या रकान्यात जायला एंटरऐवजी टॅब ठेवला, का तर वेबवर तसं असतं. दुसऱ्या दिवशी सपोर्टच्या लायनी जाम. आठवड्याच्या आत एंटर परत आणला.

मालाची यादी एक्सेलमधून घेता येते का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. येत असेल तर तुमचा नमुना दुकानदारावर लादू नका. त्याची यादी आहे तशी घ्या आणि यातलं नाव कुठलं, दर कुठला, एवढंच विचारा. आमच्याकडे एककाच्या रकान्यात जीएसटीचे ठरावीक कोडच चालायचे. कुणी 'नग' लिहिलं की अख्खी फाइल परत. आता 'नग' दिसला की आम्ही मुकाट्याने त्याचा जीएसटी कोड एनओएस समजून घेतो.