बटन दाबलं की काच निळी

प्रश्न : पोरगा परदेशात नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसच्या काचा बटन दाबलं की निळ्या होतात म्हणे. आत शाई सोडतात का? आमच्या पश्चिमेच्या खिडकीला बसेल का तसली काच?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : शाई नाही हो. काचेवर टंगस्टन ऑक्साइडचा थर असतो, मिलिमीटरच्या दोन-अडीच हजाराव्या भागाएवढा. वीज दिली की तोच रंगतो. एस. के. देब या शास्त्रज्ञांनी 1969 मध्ये हे दाखवून दिलं.

परभणीला कॉलेजात शिकवताना मी हे हातानं केलंय. वीज वाहणाऱ्या पारदर्शक लेपाची काचपट्टी, तिच्यावर हा थर. पट्टी विरळ गंधकाम्लात बुडवली, समोर निकामी सेलमधली काळी कांडी. दीड व्होल्टच्या सेलचं ऋण टोक पट्टीला लावलं, तर चिमट्याच्या बाजूनं निळाई खाली उतरत गेली! टोकं उलटी केली, की पट्टी पुन्हा स्वच्छ. पोरं तेच दहादा करायला लावायची. एकदा तार तशीच लावून मी चहाला गेलो. आलो तर बुडबुडे, आणि थराचे पापुद्रे आम्लात तरंगताहेत. चूक माझीच.

होतं असं : काचेकडून थरात इलेक्ट्रॉन शिरतात आणि त्यांचा हिशेब जुळवायला आम्लातले हायड्रोजन आयन, म्हणजे धन विद्युतभाराचे कण, आत येतात. टंगस्टनच्या एका अणूवरून शेजारच्या अणूवर उडी मारायला इलेक्ट्रॉनला ऊर्जा लागते. ती तो तांबड्या प्रकाशातून घेतो. उरलेला प्रकाश आपल्याला निळा दिसतो. टोकं उलटी केली की दोघंही आले तसे बाहेर.

इमारतीच्या काचेत आम्ल नसतं. तिथे बहुधा लिथियमचे आयन असतात, आणि पलीकडे निकेल ऑक्साइडचा थर. त्यातले आयन टंगस्टनच्या थरात गेले की तो काळपट होतो, म्हणजे दोन्ही थर मिळून काच गडद. वीज दोन-चार व्होल्टच लागते, पण मोठी काच पुरती रंगायला काही मिनिटं जातात.

तुमच्या खिडकीचं म्हणाल, तर गडद काच ऊन पिऊन स्वतःच तापते. म्हणून दुहेरी काच घेतात आणि थर बाहेरच्या काचेवर ठेवतात. त्या खर्चात पडण्यापेक्षा मी बाहेरून वाळ्याची ताटी बांधेन. आणि हो, रंग टिकवायला फारशी वीज लागत नाही. काच निळी असताना लाइट गेली, तर बराच वेळ ती निळीच.