चाचण्या पूर्ण झालेल्या औषधाचे नवे दुष्परिणाम नंतर कसे निघतात? चाचणीत लपवलेलं असतं का?

तिन्ही टप्पे पार केलेलं औषध पुढे वर्षभरात मागे घेतात, म्हणजे चाचणीत काहीतरी दडवलं असणारच, असा तुमचा संशय आहे. मी औषध-सुरक्षेचे अहवाल तपासण्याचं काम करते. दडवादडवी कधी झालीच नाही असं मी म्हणणार नाही, पण बहुतेक वेळा खरं कारण हे की चाचणीतली माणसं कमी पडतात.

पहिल्या टप्प्यात साधारण २० ते १०० जण असतात, तेही बहुधा निरोगी. दुसऱ्यात काहीशे रुग्ण. तिसऱ्यात बऱ्याचदा काही हजार, आणि तिथे कोणाला नवं औषध आणि कोणाला जुनं किंवा प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं), हे नशिबावर सोडलेलं असतं. आता हिशेब बघा. ३००० जणांनी औषध घेतलं आणि एकालाही अमुक त्रास झाला नाही, तरी छातीठोकपणे एवढंच सांगता येतं की त्याचं प्रमाण बहुधा हजारात एकापेक्षा जास्त नाही. दहा हजारांत एकाला होणारा त्रास त्यातून सहज निसटतो. शिवाय गरोदर बायका, मूत्रपिंडाचे रुग्ण, एका वेळी पाच-सहा गोळ्या घेणारी वयस्कर माणसं यांना चाचणीत सहसा घेतच नाहीत. औषध बाजारात आलं की घेणाऱ्यांत तीही असतात.

रोटाशील्ड ही रोटाव्हायरसवरची (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूवरची) लस घ्या. अमेरिकेत तिला ऑगस्ट १९९८ मध्ये परवानगी मिळाली. चाचण्यांत लस घेतलेल्या सुमारे दहा हजार बाळांपैकी पाच जणांच्या आतड्यात आतडं शिरलं होतं. लस न घेतलेला गट याच्या निम्म्याहून लहान होता, त्यात असं एक बाळ होतं. एवढ्या फरकावरून योगायोग की लस, हे ठरत नव्हतं. तरी ती शंका माहितीपत्रकात छापली गेली, म्हणजे लपवलं नव्हतं. लस सर्रास सुरू झाल्यावर अशा घटना कळवल्या जाऊ लागल्या. जुलै १९९९ पर्यंत जमलेल्या जेमतेम पंधरा अहवालांवरून लस थांबवायला सांगितलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने ती मागे घेतली. नंतर प्रमाण निघालं दहा हजारांत एकाच्या आसपास. पुढच्या दोन रोटाव्हायरस लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर झाल्या, त्या याच धड्यामुळे.

थॅलिडोमाइड या गरोदरपणातल्या मळमळीवरही दिल्या जाणाऱ्या औषधाच्या वेळी अहवाल गोळा करणारी अशी यंत्रणाच नव्हती. हजारो मुलं जन्मतः अपंग झाली. दुष्परिणामांचे अहवाल गोळा करणारी ब्रिटनची यलो कार्ड योजना (१९६४) आणि जागतिक आरोग्य संघटनेचा तसाच कार्यक्रम (१९६८) त्यानंतरचे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. अहवाल म्हणजे पुरावा नव्हे, ती शंका असते. 'या औषधाचे इतके मृत्यू नोंदले गेले' असे आकडे फिरतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण औषध किती जणांनी घेतलं आणि त्या वयात, त्या आजारात एरवी किती मृत्यू होतात, हे त्यात नसतं. उलट कितीतरी त्रास कोणी कळवतच नाही. अहवालांतून इशारा मिळतो, त्याची शहानिशा वेगळ्या अभ्यासातून करावी लागते.

म्हणून कळवायला खात्री लागत नाही. रुग्ण कोण (वय, लिंग चालतं), कळवणारा कोण, संशय कोणत्या औषधावर आणि त्रास काय, एवढं असलं की अहवाल ग्राह्य धरतात. त्याबरोबर औषध कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला, औषध थांबवल्यावर तो गेला का आणि सोबत आणखी काय घेत होतात, काढे-चूर्णंसुद्धा, हे लिहिलंत तर आमचं निम्मं काम होतं. लस किंवा इंजेक्शन असेल तर बॅच नंबर जरूर द्या. औषध मात्र मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. आणि डॉक्टरांनी कळवलंच असेल म्हणून थांबू नका, एकच घटना दोनदा आली तर ती ओळखून जोडण्याची सोय असते.