डिग्री सोडू का? होम्सनेही सोडलीच होती ना!

तुझं पत्र लांबलचक होतं, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तू बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहेस, दोन मित्रांबरोबर एक अ‍ॅप बनवलंय, मोबाइलने नखांचा फोटो काढायचा की अ‍ॅप हिमोग्लोबिन सांगणार, सुई नको रक्त नको. पिच डेकवर, म्हणजे इन्व्हेस्टरना दाखवायच्या स्लाइड्सवर, ‘९५ टक्के अचूक’ टाकलंयस, टेस्टिंग हॉस्टेलच्या पोरांवर केलंय. आता कॉलेज सोडून पूर्णवेळ हेच करायचंय, बाबा तयार नाहीत, घरात बोलणं बंद. आणि शेवटी लिहिलंयस की थेंबभर रक्तावर टेस्ट करणारी अमेरिकन कंपनी काढून फसवणुकीत अडकलेल्या एलिझाबेथ होम्सनेपण १९व्या वर्षी स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी सोडली, आयडिया बरोबरच होती तिची, ती फक्त पकडली गेली, बाकी सगळे फाउंडर हेच करतात.

डिग्रीचं नंतर बघू, आधी या होम्सबाईंचं बघू, कारण तू तिची अर्धीच गोष्ट ऐकलेली दिसतेयस.

ती केमिकल इंजिनिअरिंगला होती, सुट्टीत सिंगापूरच्या एका लॅबमध्ये सार्सच्या टेस्टिंगवर काम करून आली आणि अंगावर लावायच्या एका पॅचचं पेटंट लिहून काढलं, पॅचच तपासणार आणि पॅचच औषध देणार. ते घेऊन ती प्रोफेसरांकडे गेली. फिलिस गार्डनर, ज्या स्वतः डॉक्टर आणि मेडिसिनच्या प्रोफेसर, त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे असं चालणार नाही. इंजिनिअरिंगचे चॅनिंग रॉबर्टसन मात्र एकदम इम्प्रेस झाले, पुढे कंपनीच्या बोर्डावरही बसले. आता विषय औषधाचा आणि शरीराचा, मग ऐकायला कोणाचं हवं होतं? पण आपल्याला हवं तेच उत्तर देणारे सर शोधायला निघालं की सापडतातच. २००३ साली कंपनी काढली, तीच पुढे थेरॅनोस झाली. आणि सुरुवातीच्या पैशांमध्ये दहा लाख डॉलर होते टिम ड्रेपर या इन्व्हेस्टरचे, ज्याच्या मुलीची ही लहानपणची मैत्रीण. ड्रॉपआउटच्या प्रेरणादायी रील्समध्ये हा भाग कधी येत नाही बघ.

पॅच बारगळला, मग आयडिया आली बोटाच्या थेंबभर रक्तावर ढीगभर टेस्ट करायची. हे नीट ऐक कारण तुझ्याच विषयातलं आहे. बोट टोचून, दाबून जे रक्त काढतात त्यात आजूबाजूच्या पेशींमधलं पाणी मिसळतं, दाबताना तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम उगाच जास्त दिसतं. ही मशीनची चूक नाही, सॅम्पलच तसं आहे, कितीही कोडिंग कर. बरं त्यांचं स्वतःचं एडिसन मशीन मोजक्याच टेस्ट करू शकायचं, मग बाकीच्या टेस्टसाठी तो थेंब पातळ करून सीमेन्स कंपनीच्या नेहमीच्या मशीनमध्ये घालायचे, म्हणजे मुळात असलेली गडबड आणखी वाढवायची. २०१३ पासून वॉलग्रीन्सच्या औषध दुकानांमधून खऱ्या पेशंटचे रिपोर्ट जायला लागले होते, आणि २०१४ मध्ये कंपनीची किंमत धरली गेली ९ अब्ज डॉलर! २०१६ मध्ये कंपनीने स्वतःच एडिसनवरचे आधीच्या दोन वर्षांचे निकाल रद्द केले. ज्यांनी त्या आकड्यांवर गोळ्या घेतल्या किंवा बंद केल्या त्यांचं काय, हा प्रश्न मला तरी आजही छळतो.

आता तुझं ते ‘सगळेच करतात’. नाही रे. दोन वर्षांत आम्ही अमुक करू असं फाउंडर बोलतो, बोलूदे, ते स्वप्न आहे आणि समोरच्यालाही ते कळतं. होम्सने जे घडलंच नाही ते घडलंय म्हणून सांगितलं. २०१४ ची कमाई १० कोटी डॉलरच्या वर जाईल असं इन्व्हेस्टरना सांगितलं, अमेरिकेच्या एसईसीच्या (आपल्या सेबीसारखी तिथली संस्था) म्हणण्यानुसार प्रत्यक्षात आली जेमतेम लाखभर डॉलर. आपणच तयार केलेल्या रिपोर्टवर फायझर या औषध कंपनीचा लोगो लावून पाठवला, आणि लोगो मीच लावला हे तिने कोर्टात कबूलही केलं. याला ‘फेक इट टिल यू मेक इट’ म्हणत नाहीत, सरळ खोटा कागद म्हणतात. जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने तिला इन्व्हेस्टरच्या फसवणुकीच्या चार आरोपांमध्ये दोषी धरलं (पेशंटच्या फसवणुकीच्या आरोपांमधून मात्र सुटली, हेही सांगायला हवं), ११ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली आणि मे २०२३ मध्ये ती टेक्सासमधल्या तुरुंगात गेली.

पण मला खरं बोलायचंय ते त्या कंपनीतल्या दोन वेगळ्याच लोकांबद्दल. एरिका चेउंग आणि टायलर शुल्ट्झ, दोघंही कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, तुझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठे. लॅबमध्ये रोज कंट्रोल लावतात, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहितीये असं सॅम्पल मशीनला द्यायचं आणि ते बरोबर सांगतंय का बघायचं, नापास झालं तर त्या दिवशी पेशंटचे रिपोर्ट थांबवायचे. तिथे कंट्रोल नापास व्हायचं आणि न जुळणारे आकडे ‘आउटलायर’, म्हणजे अपवाद, म्हणून काढून टाकायचे की झालं पास. हे चुकीचं आहे हे त्या दोघांना कळलं कारण ते शिकून आले होते! टायलरचे आजोबा जॉर्ज शुल्ट्झ, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री, त्याच कंपनीच्या बोर्डावर होते आणि त्यांनी नातवावर विश्वास ठेवला नाही. बोर्डावर आणखी एक माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजरसुद्धा होते, माजी संरक्षणमंत्रीही होते, पण रक्ताच्या टेस्टमधलं कळणारं कोण होतं तिथे? शेवटी एरिकाने २०१५ मध्ये लॅबवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला पत्र लिहिलं, त्याच वर्षी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये बातम्या आल्या, आणि पुढच्या वर्षी होम्सला लॅब चालवायला दोन वर्षांची बंदी आली. तुला त्या कंपनीत कोणाची खुर्ची हवी होती ते स्वतःला विचार.

गेट्स, झुकरबर्ग यांचं म्हणशील तर ते सॉफ्टवेअरवाले. त्यात बग निघाला तर अपडेट देता येतो, चुकीचा रिपोर्ट घेऊन माणूस घरी गेला की त्याला कसला अपडेट देणार?

आता तुझे ९५ टक्के. हॉस्टेलची पोरं धडधाकट, समज सगळ्यांचं हिमोग्लोबिन १३ ते १५ च्या मध्येच आहे. मग फोटो न बघता प्रत्येकाला ‘१४’ सांगणारं अ‍ॅपसुद्धा, एक ग्रॅमचा फरक चालेल म्हटलं तर, १०० टक्के अचूक निघेल! तुझं अ‍ॅप खरंच काही मोजतंय का हे कळायला ७-८ हिमोग्लोबिनवाली माणसं पाहिजेत, वेगवेगळ्या रंगाची कातडी पाहिजे, ट्यूबलाइट आणि ऊन दोन्ही पाहिजे, आणि प्रत्येकाची त्याच दिवशीची लॅबमधली सीबीसी (हिमोग्लोबिन मोजणारी नेहमीची रक्ततपासणी) शेजारी मांडलेली पाहिजे. ते होईपर्यंत स्लाइडवरचा आकडा काढ, आजच काढ, कोणी विचारलं तर ‘टेस्टिंग चालू आहे’ सांग.

डिग्री सोडू नकोस असं माझं मत, निदान आत्ता तरी नको. पुढच्या वर्षांत तुला बायोस्टॅटिस्टिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, रेग्युलेशन हे सगळं येईल आणि नेमकं तेच तुला आज येत नाहीये. अ‍ॅप बंद कर असंही म्हणत नाहीये, तेच फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून धर, मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागातल्या कोणाला तरी गाइड म्हणून घे, एथिक्स कमिटीची परवानगी काढ, मग पेशंटचा डेटा रीतसर मिळेल. आणि गाइड निवडताना ‘वा वा’ म्हणणारे नकोत, पहिल्या भेटीत चार खोट काढणारे घे. डेटा खरंच चांगला आला आणि वेळ पुरेना झाला तर कॉलेजला अधिकृत ब्रेक मिळतो का विचार, ब्रेकनंतर परत येता येतं, नाव काढून टाकलं की अवघड.

बाबांशी बोलताना होम्सचं नाव नको काढूस, उगाच वाद वाढेल. सीबीसी एकीकडे आणि अ‍ॅपचा आकडा एकीकडे असा तक्ता कर, जे चुकलेत ते लाल कर, आणि तो त्यांच्यासमोर ठेव. सहा महिन्यांत काय करणार तेही खाली लिही. मलाही पाठव तो तक्ता, लालसकट.