चाच्यांच्या काळातलं स्कॉटिश पात्र उभं करताना

तुझी कथा कोणत्या साली घडते, ते आधी ठरव. १७०७पर्यंत स्कॉटलंड वेगळं राज्य होतं. राजा इंग्लंडचाच, पण संसद एडिंबरात. त्या वर्षी दोन्ही देश एक झाले नि ती संसदच गेली, आणि हा सल पात्राच्या बोलण्यात उमटायला हवा.

गावही नक्की कर. डोंगराळ हायलँड्समधला माणूस बहुधा गेलिक बोलेल, कुळप्रमुखाचा शब्द मानेल. लीथ किंवा डंडी बंदरातला स्कॉट्स, म्हणजे इंग्रजीच्या जवळची भाषा, बोलेल. दोघांना एका साच्यात कोंबू नकोस. आणि प्रत्येक कुळाचा ठरलेला टार्टन (चौकड्यांच्या कापडाचा नमुना) तर नकोच, ती पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली.

तो समुद्रावर का आला? मला सगळ्यात सकस वाटतं ते डेरियनचं कारण. १६९८मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर, डेरियन इथे, वसाहत करायला स्कॉटिश जहाजं गेली. ताप, उपासमार, शेवटी स्पॅनिश वेढा. १७००मध्ये सगळं संपलं. सुमारे २,००० माणसं मेली, देशाचा मोठा पैसा बुडाला. आणि आसपासच्या इंग्रज वसाहतींना मदत न करण्याचा हुकूम होता! यातून वाचलेल्या माणसाला इंग्रज व्यापारी जहाज दिसतं, तो प्रसंग आधी लिहून काढ.