मूळ पदावर न आलेलं आख्यान : ‘डॉक्टर हू’च्या शेवटच्या भागांबद्दल

तू लिहिलंस की २०२४ पासून ‘डॉक्टर हू’, म्हणजे काळातून प्रवास करणाऱ्या डॉक्टरची बीबीसीची मालिका, बघायला लागलास, दोन्ही पर्वं संपवलीस आणि ‘द रिअ‍ॅलिटी वॉर’ हा शेवटचा भाग पाहिल्यावर तुम्हा चौघा मित्रांत चांगलीच जुंपली. दोघं म्हणतात, साठ वर्षांच्या नियमांची वाट लावली. तिसरा म्हणतो, ही मालिका अशीच आहे, बघायचं आणि सोडून द्यायचं. तुला स्वतःला काहीतरी खटकलंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये. आणि जुने भाग बघायला घ्यावेत का, असंही विचारलंस.

माझी सुरुवात २००७ सालची. भावाने इंग्लंडहून डीव्हीडी आणल्या होत्या, त्या पाहिल्या आणि मग मागे मागे जात १९६३ पर्यंत पोचले. तेव्हापासून या मालिकेवर मी पुष्कळ भांडले आहे, आणि अजूनही भांडते, कारण माझं तिच्यावर प्रेम आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नियम मोडल्याचा आरोप आधी बाजूला ठेवू. तो टिकत नाही. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला, तेव्हा डॉक्टर कोण, कुठला, हे बनवणाऱ्यांनीही ठरवलेलं नव्हतं. डॉक्टरच्या जमातीसाठी टाइम लॉर्ड हा शब्द आला १९६९ मध्ये. दोन हृदयं असल्याचं कळलं १९७० मध्ये. त्याच्या ग्रहाला गॅलिफ्रे हे नाव मिळालं १९७३ च्या डिसेंबरात, म्हणजे मालिका दहा वर्षांची झाल्यावर. रिजनरेशन, म्हणजे मरताना डॉक्टरने नवं शरीर घेणं, ज्याला आज आपण मालिकेचा कणा मानतो, ते १९६६ मध्ये सुचलं. पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देत नव्हती आणि मालिका तर चालू ठेवायची होती! १९७६ हे तर एकच वर्ष घे. जानेवारीतल्या एका कथेत हार्टनेलच्याही आधीचे चेहरे दिसले, आणि त्याच वर्षाच्या शेवटाला दुसऱ्या कथेने सांगितलं की टाइम लॉर्डला बाराच वेळा बदलता येतं. ती मर्यादा २०१३ च्या ख्रिसमसला आली आणि मालिकेने ती ओलांडली. त्यामुळे ‘बायजनरेशन’, म्हणजे बदलताना एकाचे दोन होणं, नियमात बसत नाही असं कुणी म्हणालं, तर मला त्यात फारसं काही वाटत नाही. इथे नियम गरजेपोटी जन्मतात आणि गरज संपली की बाजूला होतात.

आपल्याकडे, विशेषतः पुण्यात, हा आरोप इतक्या जोरात का होतो तेही मला समजतं. आपण नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलो. आयुकात विज्ञान दिनाला रांगा लावून आत जाणारी मुलं आहोत आपण. नारळीकरांच्या कथेत विज्ञानातली एक कल्पना घेतलेली असते आणि कथा शेवटपर्यंत तिचा हात सोडत नाही. २० मे २०२५ ला ते गेले, आणि त्यानंतर अकराच दिवसांनी हा भाग आला. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्रच होत्या, म्हणून हे जास्त जाणवलं. पण डॉक्टर हूची जात वेगळी आहे. शनिवारी संध्याकाळी सगळ्या घराने बसून बघायची मालिका म्हणून ती सुरू झाली. पहिले दोन प्रवासी विज्ञानाचे एक सर आणि इतिहासाच्या एक बाई, एवढीच शिकवण्याची बाजू. तिच्याकडे विज्ञानाची शिस्त मागितली तर पदरी निराशाच येईल.

मग तिच्याकडे मागायचं काय?

लहानपणी आजोबा मला पेठेतल्या देवळात कीर्तनाला न्यायचे. बुवा पूर्वरंगात एक अभंग घ्यायचे आणि त्याचं निरूपण करायचे. मग मध्यंतर, बुक्का, हार. उत्तररंगात आख्यान. तेच सुदाम्याचं आख्यान मी तीन बुवांकडून ऐकलं असेन, आणि तिन्ही वेगळी होती. एकाच्या सुदाम्याची बायको रडायची, दुसऱ्याची चक्क भांडायची. कुणी तक्रार करत नसे. पण आख्यान संपवताना बुवांना मूळ पदावर यावंच लागायचं. पूर्वरंगात जो अभंग घेतला, तोच पुन्हा म्हणायचा, आणि आता त्याचा अर्थ वाढलेला असायचा. एकदा एक नवे बुवा आख्यानात इतके वाहवत गेले की अभंग राहूनच गेला, थेट आरतीच सुरू झाली. घरी येताना आजोबा अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत.

तुला जे खटकलंय ते हेच असावं, असं मला वाटतं. आख्यान बदलल्याचं दुःख नाही. पद परत आलं नाही.

आता बेलिंडा चंद्राकडे बघ. ‘द रोबॉट रेव्होल्यूशन’ हा तिचा पूर्वरंग. लंडनमधली नर्स. कसं वागायचं, काय घालायचं हे ठरवणाऱ्या माणसाला तिने केव्हाच सोडलेलं. डॉक्टर तिला न विचारता तिच्या डीएनएची तपासणी करतो, आणि ती त्याला तिथल्या तिथे सुनावते की मी तुझ्या साहसांपैकी एक नाही. मला घरी सोड, माझी ड्युटी आहे. इतक्या स्पष्टपणे डॉक्टरला अडवणारी सहप्रवासी फार दिवसांनी आली होती. हा अभंग मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा घेतला होता.

माझी भाची पुण्यातल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. १ जूनला रविवार होता. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन बसला होता, आणि ती रात्रपाळी संपवून भिजलेली छत्री घेऊन तशीच माझ्याकडे आली. मी पोहे टाकले आणि आम्ही शेवटचा भाग लावला. बेलिंडा तिची लाडकी. पहिल्याच भागात त्या डीएनएच्या प्रसंगाला ती ताडकन म्हणाली होती, “मावशी, रक्त घ्यायच्या आधी आम्ही शुद्धीवरच्या प्रत्येक पेशंटला विचारतो. बरोबर बोलली ती!” शेवटच्या भागात मात्र ती गप्प होत गेली. खरी लढाई सुरू होते आणि बेलिंडा लहानग्या पॉपीला, म्हणजे आधीच्या भागातल्या खोट्या जगात डॉक्टरची आणि तिची झालेल्या मुलीला, घेऊन एका सुरक्षित खोलीत उभी राहते. उभीच राहते. पुढे पॉपी जगातून पुसली जाते, डॉक्टर तिला परत आणण्यासाठी आपलं हे आयुष्य देऊन टाकतो आणि सगळं वास्तव एका अंशाने सरकवतो. पॉपी परत येते, आता बेलिंडाची आणि तिच्या जुन्या मित्राची मुलगी म्हणून. मग आधीच्या भागांतले प्रसंग पुन्हा दाखवतात, त्यात आता बेलिंडाला घरी जायचं असतं ते पॉपीसाठी.

भाचीने प्लेट खाली ठेवली आणि म्हणाली, “पण तिला विचारलं कुणी?”

मला त्या क्षणापर्यंत हे दिसलं नव्हतं. पहिल्या भागात त्याने न विचारता तिचा डीएनए तपासला. शेवटच्या भागात त्याने न विचारता तिचा भूतकाळ बदलला, आणि तो बदलला आहे हेही तिला आठवत नाही. आई होण्यात काही गैर नाही, त्या चिमुरडीसाठी डॉक्टरने जीव देणं तर सुंदरच आहे, आणि शूटी गॅटवाने डॉक्टरचा तो निरोप मनापासून केला आहे. पण ज्या पदाने कथा सुरू केली, त्याच्या बरोबर उलट गोष्ट घडली आणि कथेला तिची दखलही नाही. एका वाक्याने काम झालं असतं. डॉक्टरने स्वतःशी एवढं जरी म्हटलं असतं की मी पुन्हा तेच केलं, तर हाच शेवट मी डोक्यावर घेऊन नाचले असते.

हे लेखकाला जमत नाही असं म्हणू नकोस. रसेल टी. डेव्हिस यांनीच २००५ मध्ये रोझ टायलर ही सहप्रवासी लिहिली. बारा तासांसाठी म्हणून गेलेली रोझ बारा महिन्यांनी घरी परतते, आणि तिची आई डॉक्टरच्या सणसणीत कानाखाली देते. एका मुलीच्या जाण्याने मागे राहिलेल्यांचं काय होतं, हे तिथे चहाच्या कपापर्यंत उतरलं आहे. फरक आहे जागेचा. तेव्हा पर्वात तेरा भाग असत, आता आठ. त्या आठांतल्या ‘लकी डे’मध्ये बेलिंडा जेमतेम दिसते, ‘द स्टोरी अँड द इंजिन’मध्ये कथा लागोसमधल्या केशकर्तनालयाची आहे, आणि ‘विश वर्ल्ड’मध्ये ती स्वतःच्या मनाची राहिलेलीच नाही. म्हणजे खरी बेलिंडा आपल्याला निम्म्याच भागांत भेटली. एवढ्या कमी जागेत डॉक्टरची जुनी वैरीण रानी आणायची, तिची दोन रूपं करायची, जुना शत्रू ओमेगा आणायचा आणि लगेच परत धाडायचा, याचा भार कुणावर तरी पडणारच. तो माणसांवर पडला.

‘कोड्याचं उत्तर दिलं नाही’ हा आक्षेपही असाच तपासून बघ. ‘७३ यार्ड्स’मधली ती दूर उभी राहणारी बाई लोकांना काय सांगते, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. तरी तो भाग मला गेल्या दहा वर्षांतल्या उत्तम भागांपैकी वाटतो. कारण त्याचं पद कोडं नव्हतंच. सगळे मला सोडून जातात, ही तेव्हाची सहप्रवासी रुबी हिची भीती हे पद होतं, आणि ती म्हातारी होऊन मरणाच्या दारात पडलेली असताना कथा तिथेच परत येते. ‘द वेल’चंही तेच. ‘लक्स’ही मला आवडला, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

शेवटी डॉक्टरच्या नव्या रूपात दिसलेली बिली पायपर खरंच डॉक्टर आहे का, यावर तुम्ही चौघं डोकी फोडू नका. श्रेयनामावलीत तिचं नाव ‘डॉक्टर म्हणून’ असं दिलेलंच नाही, ते मुद्दाम मोकळं सोडलं आहे. डिस्नेची भागीदारी संपल्याचं २०२५ च्या ऑक्टोबरात कळलं, आणि त्याच वेळी बीबीसीने २०२६ च्या ख्रिसमसला डेव्हिस यांचाच एक भाग येईल असं जाहीर केलं. थांबणं या मालिकेला नवीन नाही. १९८९ ला बंद पडली ती २००५ ला नियमित सुरू झाली. मधल्या सोळा वर्षांत १९९६ चा एकच चित्रपट.

जुने भाग जरूर बघ, पण पहिल्यापासून क्रमाने नको, दमशील. २००८ चा ‘मिडनाइट’ आधी. ‘द वेल’ त्याचंच पुढचं पाऊल आहे. एक बंद गाडी, बाहेरून टकटक, आणि माणसं घाबरली की कशी होतात ते. मग २०१८ चा ‘डेमन्स ऑफ द पंजाब’. फाळणीची गोष्ट आहे, घरात कुणी थोरलं असेल तर त्यांना शेजारी बसव. मग १९६३ चा अगदी पहिला, ‘अ‍ॅन अनअर्थली चाइल्ड’. दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौमध्ये जन्मलेले, तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे.

आणि त्यानंतर १९६४ चा ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’, सहा भागांचा. हा मी मुद्दाम सांगते आहे. गेल्या पर्वात डॉक्टरला जी आजीबाई दोनदा ओझरती दिसली, ती त्याची नात सुझन, तीच अभिनेत्री, कॅरोल अ‍ॅन फोर्ड. तुझ्या गटाला तिचं काही वाटलं नाही, कारण ती कोण हे भागाने नीट सांगितलं नाही, आणि शेवटच्या भागात तर ती आलीच नाही. मला तिथे पोटात कालवलं. ‘डालेक इन्व्हेजन’ची शेवटची पाच मिनिटं बघितलीस की कळेल का ते. सुझनच्या बुटाला भोक पडलेलं असतं. दुरुस्त करून देतो म्हणून आजोबा तो बूट घेऊन टार्डिसमध्ये, म्हणजे त्यांच्या कालयानात, जातात आणि आतून दार लावून घेतात. तिने इथे, माणसांत राहावं असं त्यांनी ठरवलेलं असतं. बाहेर ती एका पायात बूट नसलेली उभी, आणि ते आतून तिला सांगतात की मी एक दिवस परत येईन. टार्डिस नाहीशी होते. सुझनच्या हातातली किल्ली जमिनीवर पडते.