माझ्या कामाचे पुढे काय होते?

“काम जमते, पगार वेळेवर मिळतो, कोणी त्रासही देत नाही, तरी कार्यालयात बसल्यावर मी तिथे नसतोच असे वाटते. माझे काही बिघडले आहे का?” ही चिंता माझ्यासमोर इतक्यांदा मांडली गेली आहे की एका अनुभवाच्या आधारे तिचे उत्तर द्यावेसे वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

माझ्याकडे बोलायला येणारे, विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे तपासणारे एक गृहस्थ सुरुवातीला केवळ राजीनाम्याविषयीच बोलत असत. एकदा त्यांनी फ्रेंच दिग्दर्शक जॅक ताती यांचा १९६७ सालचा ‘प्लेटाइम’ हा चित्रपट पाहिल्याचे सांगितले.

“सगळे हसत होते, मला मात्र धडकी भरली. वरून दिसणाऱ्या त्या चौकोनी कप्प्यांत मीच बसलेलो होतो, मॅडम.”

त्या चित्रपटात नायक मस्यू (म्हणजे श्रीयुत) उलो हे जिफार नावाच्या अधिकाऱ्याला भेटायला काचेच्या इमारतीत जातात, समोरच्या काचेतील त्याच्या प्रतिबिंबाला फसून भलत्याच इमारतीत शिरतात आणि दोघांची चुकामूक होत राहते.

“शेवटी भेट होते का?” मी विचारले.

“होते, पण कार्यालयात नाही. नंतर, रस्त्यावर, अचानक.”

“मग तुमच्या कामातला जिफार कोण?”

ते बराच वेळ गप्प राहिले. “माझा शेरा पुढे कोण वाचतो, हे मला ठाऊकच नाही. मी कधी विचारलेही नाही.”

या उत्तरापर्यंत पोहोचायला आम्हाला अनेक भेटी लागल्या होत्या आणि त्या सार्थकी लागल्या याचे मला आजही समाधान आहे. कामगार स्वतःच्याच श्रमाच्या फळाला परका होतो, हे मार्क्सने १८४४ मध्ये लिहिले. टेबलावरच्या कामालाही ते तितकेच लागू पडते, असे माझे ठाम मत आहे. कंटाळा आला म्हणून माणूस तुटत नाही. आपले काम ज्याच्यापर्यंत पोहोचते तो माणूस दिसेनासा झाला की तुटतो.

मी त्यांना एकच काम दिले: एका शेऱ्याचा शेवटपर्यंत माग काढा. त्यांना आढळले की त्यांचे वाक्य जसेच्या तसे दावेदाराला जाणाऱ्या पत्रात उतरते. “‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढेच मी लिहीत आलो,” ते म्हणाले, “कोणता कागद हवा, हे त्या माणसाला कळणार कसे?” त्या दिवसापासून ते कागदाचे नाव लिहू लागले.

तुम्हालाही असे वाटत असेल, तर राजीनाम्याआधी हा माग काढून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ताणातून येणाऱ्या थकव्याचे, म्हणजे ‘बर्नआउट’चे, वर्णन केले, तेव्हा नोकरीपासून वाढणारे मानसिक अंतर हे त्याचे एक लक्षण मानले आणि तो आजार नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती आहे, असे स्पष्ट केले. म्हणून स्वतःला दोष देऊ नका. मात्र घरी, मित्रांत, आवडीच्या गोष्टींतही दोन आठवडे मन रमत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना अवश्य भेटा. माग काढूनही शेवटी कोणीच सापडले नाही, तर वरिष्ठांकडे वेगळे काम मागा. तेही नाकारले गेले, तर नोकरी बदलण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला असेल. या गृहस्थांनी दावेदारांशी थेट बोलणाऱ्या विभागात बदली मागितली आहे आणि तोपर्यंत राजीनामा न देण्याचे त्यांनी स्वतःच ठरवले आहे.