वाचक विचारतात: स्वादुपिंडाला सूज, मग अंग थंड केलं तर?

प्रश्न: डॉक्टर, भावाला अक्यूट पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज) झालाय, आयसीयूत आहे. शरीर थंड करून सूज कमी करतात असं वाचलं, मग त्याला का नाही करत? निदान पोटावर बर्फ तरी ठेवू का?

उत्तर: बर्फ नका ठेवू, स्वादुपिंड पोटात पार मागे, जठराच्याही पाठीमागे असतं, तिथवर तो गारवा पोचत नाही, उगाच कातडी भाजल्यासारखी होईल. पण तुम्ही वाचलंत ते अगदीच हवेतलं नाहीये. या आजारात ट्रिप्सिनसारखी पाचक एन्झाइम्स आतड्यात पोचायच्या आधीच स्वादुपिंडातच चालू होतात, ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते, मग सायटोकाइन्स, म्हणजे सूज वाढवणारी रसायनं, रक्तात सुटतात आणि फुफ्फुसं, किडन्यापण तावडीत सापडतात. तापमान उतरलं की एन्झाइम्स मंदावतात, पेशींची ऑक्सिजनची गरज घटते, म्हणून उंदरांवर अंग ३२-३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायचे प्रयोग झाले आणि सूज कमी दिसली. माणसांत मात्र ही रुटीन ट्रीटमेंट नाही. कूलिंग वापरतात ते मुख्यतः मेंदू वाचवायला, म्हणजे जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळांना ७२ तास वगैरे. आणि त्याची किंमत असते, रक्त गोठणं बिघडतं, इन्फेक्शन वाढतं, हृदयाचे ठोके चुकतात, आणि गंमत म्हणजे थंडीत गारठलेल्या लोकांना कधीकधी हाच पॅन्क्रियाटायटिस झालेला दिसतो!

सध्या सलाइन, वेदनाशामक आणि झेपेल तसं लवकर खाणं हीच खरी ट्रीटमेंट. आजाराचं कारण पित्तखडे, दारू की ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), ते मात्र डॉक्टरांना नक्की विचारा.